‘हिटलरची मोटार’ : विक्रीस आलेली वस्तू आणि तिच्या पूर्वमालकांचा इतिहास

प्रस्तावना

जुन्या ऐषारामी मोटारींच्या लिलावासाठी जी माहितीपत्रके छापली जातात, त्यांच्याकडे इतिहासाचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. छंदिष्ट धनिकांचे वाङ्मय म्हणून ती बाजूला ठेवली जातात. वास्तविक अशा माहितीपत्रकाचा मोठा भाग यंत्राच्या वर्णनापेक्षा पूर्वमालकांच्या नामावळीनेच व्यापलेला असतो. एकाच कारखान्यात, एकाच वर्षी तयार झालेल्या दोन मोटारींच्या किमतींत जी प्रचंड तफावत पडते, ती बहुधा या नामावळीमुळे पडते. मोटार कशी आहे यापेक्षा ती कोणाच्या दाराशी उभी होती, याला बाजार अधिक मोल देतो. ही नामावळी म्हणजे एक ऐतिहासिक विधान असते; आणि विधान आहे म्हटल्यावर त्याची साधनचिकित्सा ओघानेच येते.

मराठी अभ्यासकाला ही चिकित्सा परकी वाटण्याचे कारण नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद आपल्याकडील इतिहासलेखनाच्या पायाशी आहे. बखर ही घटनेनंतर, बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून आणि कोणाच्या तरी गौरवासाठी लिहिली जाते. पत्र हे घटनेच्या वेळी, कामापुरते लिहिले जाते आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय ठरते. याच परिभाषेत बोलायचे तर विक्रेत्याचे माहितीपत्रक ही मोटारीची बखर होय, आणि कारखान्याची नोंदवही, सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, वाहन कोणाच्या स्वाधीन केले याची तारीखवार नोंद, ही तिची अस्सल साधने होत. प्रस्तुत निबंधात ‘ग्रोसर मर्सिडीज’ या जर्मन मोटारीच्या काही नगांचा मागोवा घेऊन बखर आणि अस्सल साधन यांतील ही ओढाताण तपासावयाची आहे. त्यांतील दोन मोटारींची कथा विशेष उद्बोधक असल्याने विवेचनाचा भर त्यांवर राहील.

वाहन आणि त्याचे ग्राहक

डाइम्लर-बेंझ कंपनीने १९३० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ‘मर्सिडीज-बेंझ ७७०’ हे वाहन प्रथम मांडले. ‘ग्रोसर’ म्हणजे थोरली. एका रांगेत आठ सिलिंडर असलेले सुमारे ७.७ लिटर क्षमतेचे इंजिन हे तिचे वैशिष्ट्य, आणि ७७० हा आकडाही त्यावरूनच आलेला. पहिल्या मालिकेत १९३० ते १९३८ या काळात ११७ गाड्या तयार झाल्या. १९३८ ते १९४३ या काळातील दुसऱ्या, सुधारित मालिकेत अवघ्या ८८. तेरा वर्षांत दोनशेच्या वर थोड्याच मोटारी बनविणारा कारखाना ग्राहकांना नावानिशी ओळखत असणार, हे उघड आहे. यातील प्रत्येक वाहन मागणीनुसार, ग्राहकाने सांगितलेल्या बांधणीचे होत असे. त्यामुळे प्रत्येक मोटारीचा कागदोपत्री माग निर्माण झाला. पुढे तो किती टिकला, हा वेगळा प्रश्न.

पहिल्या मालिकेचे ग्राहक पाहिले तर ही मोटार प्रारंभी कोणत्या वर्तुळातली होती हे ध्यानात येते. हॉलंडमधील डोर्न येथे विजनवासात राहणारे पदच्युत कैसर दुसरे विल्हेल्म यांच्याकडे ती होती. जपानचे सम्राट हिरोहितो यांच्या दरबारासाठीही या मोटारी गेल्या. त्यांपैकी एक बंदिस्त लिमुझिन श्टुटगार्ट येथील कंपनीच्या संग्रहालयात असून तिच्या दारांवर राजघराण्याचे सुवर्णरंगी शेवंतीचे चिन्ह आहे. या मोटारींच्या पूर्वमालकांविषयी वाद नाही. राजचिन्ह, दरबारी नोंदी आणि कारखान्याची कागदपत्रे एकमेकांस दुजोरा देतात. शिवाय त्या मोकळ्या बाजारात वारंवार विकल्या गेल्या नाहीत, हेही त्यांच्या इतिहासाच्या शुद्धतेचे एक कारण मानले पाहिजे.

दुसऱ्या मालिकेची गोष्ट निराळी आहे. हे वाहन प्रामुख्याने नाझी राज्यसत्तेचे वाहन बनले. उघड्या टपाच्या मिरवणुकीच्या गाड्यांना पोलादी पत्रा आणि गोळीला दाद न देणारी जाड काच बसविण्यात आली. चालकाशेजारचे आसन दुमडता येई, जेणेकरून त्या जागी हिटलरला उभे राहून अभिवादन स्वीकारता यावे. त्या जागेचा तळही थोडा उंच करून घेतलेला असे, म्हणजे उभी व्यक्ती गर्दीला अधिक उंच दिसावी. राजकीय प्रतिमेचा विचार मोटारीच्या तळापर्यंत पोचलेला होता, याचे हे बोलके उदाहरण आहे.

येथे एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘हिटलरची मोटार’ हा शब्दप्रयोगच मुळात सैल आहे. ही वाहने बर्लिन येथील राइश चान्सलरीच्या ताफ्यात असत. त्या ताफ्याची व्यवस्था १९३६ पासून एरिख केम्प्का या चालकाकडे होती. हिटलर त्यांपैकी अनेक मोटारींतून फिरला, त्याचप्रमाणे परदेशी पाहुणे आणि इतर पुढारीही फिरले. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यात मंत्री दौऱ्यावर येऊन गेले की ज्या सरकारी मोटारीतून ते हिंडले तिला काही दिवस ‘मंत्र्यांची गाडी’ म्हटले जाते. त्यापलीकडे या मालकीला फारसा कायदेशीर अर्थ नाही. तेव्हा खरा प्रश्न तीन पातळ्यांवर विचारावा लागतो : मोटार चान्सलरीच्या ताफ्यात होती काय? असल्यास हिटलरने ती प्रत्यक्ष वापरली काय? आणि वापरली असल्यास एखाददुसऱ्या प्रसंगी की नित्य? बाजारात या तिन्ही पातळ्या एका नावात विरघळतात.

गोअरिंगच्या नावाने विकली गेलेली मोटार

पहिले उदाहरण कॅनडाच्या राजधानीतील, ओटावा येथील युद्ध संग्रहालयातल्या मोटारीचे. मे १९४५ च्या आरंभी, जर्मनीच्या शरणागतीला काही दिवसच उरले असताना, साल्झबुर्गनजीकच्या लाउफेन येथे रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर ठेवलेली एक प्रचंड काळी मर्सिडीज अमेरिकन सैनिकांच्या हाती लागली. ती कोणाची असावी, याविषयी जागेवर जी कुणकुण ऐकू आली तिच्यावरून ती हवाई दलप्रमुख हेर्मान गोअरिंगची असल्याचा समज झाला. मोटार अमेरिकेत नेण्यात आली आणि गोअरिंगचीच म्हणून लोकांपुढे मांडण्यात आली. पुढे ती मेरिलँडमधील अ‍ॅबर्डीन येथील लष्करी आवारात पडून होती. १९५६ साली लष्कराने तिचा लिलाव केला, तेव्हा ती २,७२५ डॉलरना गेली. खरेदीदार माँट्रियलचा एक व्यावसायिक होता. १९७० च्या सुमारास ती देणगीच्या रूपाने युद्ध संग्रहालयात आली, आणि तेथेही गोअरिंगची मोटार म्हणूनच उभी राहिली.

या साऱ्या प्रवासात गोअरिंगचे नाव कोणी मुद्दाम बनवून चिकटविले असे दिसत नाही. युद्धाच्या शेवटच्या आठवड्यातील एक ऐकीव गोष्ट, पुढे लष्करी प्रदर्शनातला फलक, त्यापुढे लिलावाची नोंद, आणि अखेरीस संग्रहालयाचा परिचयफलक : प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्याचाच आधार घेतला गेला. चार ठिकाणी तीच माहिती मिळते म्हणून ती चार साधनांनी सिद्ध होते, असा भ्रम येथे होतो. वस्तुतः चारही ठिकाणांचा उगम एकच होता. बखरींच्या बाबतीत एकीवरून दुसरी उतरलेली असेल तर त्या दोन साक्षी धरता येत नाहीत, हा नियम पदव्युत्तर वर्गात आपण शिकवतो. तोच येथे लागू पडतो.

हा समज दूर केला तो संग्रहालयाचे ग्रंथपाल लुडविग कोशे यांनी. ते मोटारतज्ज्ञ नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९८० च्या सुमारास त्यांनी या वाहनाचा पाठपुरावा सुरू केला. त्यांची रीत ग्रंथपालाची होती. कारखान्याशी पत्रव्यवहार, वाहनावरील क्रमांकांची पडताळणी, आणि त्या काळातील मिरवणुकांच्या छायाचित्रांशी प्रत्यक्ष वाहनाची बारकाईने तुलना. त्यातून निष्पन्न झाले ते असे की, हे वाहन गोअरिंगचे नसून जुलै १९४० मध्ये राइश चान्सलरीकडे सुपूर्द झालेले आणि हिटलरने समारंभांत वापरलेले होते. म्हणजे वर सांगितलेल्या तीन पातळ्यांपैकी पहिल्या दोन निर्विवादपणे सिद्ध झाल्या. परिचयफलक बदलण्यात आला.

मॅनरहाइमची मोटार आणि मोठ्या नावाचे आकर्षण

दुसऱ्या मोटारीची कथा नेमकी उलट्या दिशेने जाते. १९४१ च्या अखेरीस हिटलरने फिनलंडचे सेनापती कार्ल गुस्ताफ मॅनरहाइम यांना एक ग्रोसर मर्सिडीज भेट दिली. त्या वर्षीच्या जूनपासून फिनलंड सोव्हिएत संघाविरुद्धच्या युद्धात जर्मनीच्या बाजूने उतरला होता, हा या भेटीचा संदर्भ. मॅनरहाइम पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, फिनलंड युद्धातून बाहेर पडला, १९४६ मध्ये त्यांनी पद सोडले. मोटार स्वीडनमध्ये गेली. तेथील एका कंपनीकडून येणे असलेल्या रकमेच्या बदल्यात ती ख्रिस्तोफर जेनस या शिकागोच्या व्यापाऱ्याने स्वीकारली, आणि १९४८ साली ती अमेरिकेत उतरली.

अमेरिकेत उतरलेली ही मोटार मॅनरहाइम यांची म्हणून गाजली नाही. ती ‘हिटलरची मोटार’ म्हणून गाजली. मॅनरहाइम हे नाव सामान्य अमेरिकन माणसाला काही सांगत नव्हते. हिटलर हे नाव सर्व काही सांगत होते. जेनस यांनी ती ठिकठिकाणी प्रदर्शनात मांडली, धर्मादाय कार्यांसाठी तिच्यावर पैसा उभा केला, आणि ती पाहावयास लोकांनी गर्दी केली. या दाव्यात अर्धसत्य होते, हे नाकारता येणार नाही. मोटार हिटलरच्या हुकमावरून तयार झाली आणि त्याच्याच नावे भेट दिली गेली. तथापि देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची मालकी एक मानली, तर पेशव्यांनी कोणास दिलेला प्रत्येक पोशाख पेशव्यांच्या अंगावरचाच मानावा लागेल!

हे अर्धसत्य पंचवीस वर्षे टिकले आणि त्याचे रूपांतर पैशात झाले. जानेवारी १९७३ मध्ये अ‍ॅरिझोनातील स्कॉट्सडेल येथे झालेल्या लिलावात ही मोटार १,५३,००० डॉलरना विकली गेली. लिलावात मोटारीला मिळालेली तोवरची ती विक्रमी किंमत मानली गेली. पेनसिल्व्हेनियातील एका मनोरंजन उद्यानाच्या मालकाने ती घेतली. मॅनरहाइम यांच्याशी असलेला तिचा खरा संबंध पुढील काळात संशोधकांनी सविस्तर दाखवून दिला.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली असता एक गोष्ट लक्षात येते. ओटावाच्या मोटारीला चुकीने कमी ‘मोठे’ नाव मिळाले होते आणि स्कॉट्सडेलच्या मोटारीला चुकीने अधिक मोठे. पहिल्या चुकीमागे अनभिज्ञता होती, दुसरीमागे गर्दीची अपेक्षा. पहिली चूक सुधारली ती ज्या संस्थेला वस्तू विकावयाची नव्हती तिच्या कर्मचाऱ्याने. दुसरी चूक जोवर वस्तू विक्रीच्या फेऱ्यात होती तोवर कोणी मनावर घेतली नाही. घेण्यात कोणाचा लाभ नव्हता. विकणारा आणि विकत घेणारा या दोघांनाही एकाच उत्तराची इच्छा असते तेथे चिकित्सक तिसरा लागतो, आणि तो बाजारात क्वचितच भेटतो.

असाच पेच महाराष्ट्रापुढेही अलीकडे उभा राहिला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्यात आली. ती जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून संग्रहालयात गेलेली. डफ हे १८१८ नंतर साताऱ्यास होते. ती शिवछत्रपतींचीच आणि अफजलखान वधाच्या वेळची, असे पेटीवरील लेख सांगतो. परंतु घटना १६५९ ची आणि लेख एकोणिसाव्या शतकातला. मधल्या दीडशे वर्षांहून अधिक काळाचा दुवा त्या लेखातून मिळत नाही. स्वतः संग्रहालयाने हीच ती वाघनखे असल्याची खात्री देता येत नाही असे म्हटले आहे. ग्रँट डफ सचोटीचे होते की नाही, हा येथे प्रश्नच नाही. ज्याने त्यांना वस्तू दिली त्याला ती कोठून मिळाली, येथे शृंखला तुटते. तुलनेने मोटारीचा अभ्यासक भाग्यवान म्हटला पाहिजे, कारण वाघनखांवर क्रमांक ठोकलेला नसतो.

संशोधनाचा एक अनपेक्षित परिणाम

कोशे यांच्या संशोधनाची कथा सामान्यतः सत्याच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. ती तेथेच संपवली तर मात्र अपुरी राहील. गोअरिंगची म्हणून २,७२५ डॉलरना गेलेली मोटार हिटलरची ठरताच तिचे बाजारमूल्य कित्येक पटींनी वाढले. निःस्वार्थ बुद्धीने केलेल्या साधनचिकित्सेने एक अमूल्य दस्तऐवज निर्माण केला आणि त्याबरोबरच एक अतिशय महाग विक्रेय वस्तूही. २००० साली, नव्या इमारतीसाठी निधीची निकड असताना, ही मोटार विकावी असा विचार संग्रहालयाच्या वर्तुळातूनच पुढे आला. तिच्यात कॅनडाचा इतिहास कोठे आहे, असा त्यामागील युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नव्हता. ही मोटार कॅनडाच्या सैनिकांनी जिंकलेली नव्हती. ती एका लिलावामुळे त्या देशात आली होती. तरीही विक्रीस विरोध झाला आणि मोटार संग्रहालयातच राहिली. २००५ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीतही ती मांडलेली आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते विरोध करणाऱ्यांची बाजू अधिक सबळ होती, पण तिचे कारण भावनिक नाही. मोटार विकली असती तर तिच्यासोबत कोशे यांनी जमविलेला पुरावाही विक्रीपत्राचे एक परिशिष्ट झाला असता. यापुढे ती कोणाच्या हाती जाईल आणि तो तिचे काय करील, यावर संग्रहालयाचा काही अधिकार उरला नसता.

ही भीती काल्पनिक नव्हती. लास व्हेगासमधील ‘इम्पीरियल पॅलेस’ या जुगारगृहाचे मालक राल्फ एंगेलस्टॅड यांच्या प्रसिद्ध मोटारसंग्रहात हिटलरशी संबंधित मर्सिडीज होती. त्यांनी १९८६ व १९८८ मध्ये हिटलरच्या जन्मदिनाच्या निमित्ताने मेजवान्या दिल्याचे उघडकीस आले, आणि १९८९ मध्ये नेवाडा राज्याच्या नियामक मंडळाने त्यांना १५ लाख डॉलरचा दंड केला. त्यांनी क्षमा मागितली. आपण केवळ इतिहासाचे संग्राहक आहोत, ही त्यांची भूमिका होती. संग्राहक आणि उपासक यांतील रेषा वस्तूवर आखलेली नसते, ती मालकाच्या वर्तनात शोधावी लागते. पूर्वमालकांच्या यादीत नावे असतात, वर्तनाची नोंद नसते.

या याद्यांत आणखी एक उणीव आहे आणि ती अधिक गंभीर आहे. प्रत्येक यादी वाहन कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर सुरू होते. फाटकाच्या आत काय होते, हे तिला ठाऊक नसते. कंपनीने स्वतः मान्य केल्याप्रमाणे १९४४ मध्ये डाइम्लर-बेंझच्या ६३,६१० कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक सक्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी वा छळछावण्यांतील बंदी होते. ग्रोसरचे उत्पादन १९४३ मध्येच थांबले असल्याने प्रत्येक मोटारीवर त्यांचा हात लागला होता असे म्हणता येणार नाही, तसे म्हणणे अनैतिहासिक होईल. परंतु ज्या सत्तेसाठी या मोटारी तयार झाल्या त्या सत्तेच्या चाकरीत हाच कारखाना काही वर्षांत कोठे पोचला, हे पूर्वमालकांच्या इतिहासाइतकेच या वाहनाच्या इतिहासाचे अंग आहे. कंपनीने १९८० च्या दशकात आपल्या युद्धकालीन इतिहासाचे संशोधन करविले आणि १९८८ मध्ये भरपाईपोटी दोन कोटी मार्क दिले. विक्रीच्या माहितीपत्रकात या गोष्टीला सहसा जागा मिळत नाही.

२०१८ ची विक्री

जानेवारी २०१८ मध्ये स्कॉट्सडेल येथेच, म्हणजे १९७३ चा विक्रम जेथे घडला त्याच गावी, १९३९ ची एक उघडी ग्रोसर मर्सिडीज लिलावात आली. या वेळची भाषा मात्र बरीच बदललेली होती. वाहनाला ऐतिहासिक दस्तऐवज म्हटले गेले, हिटलरच्या वापराचे पुरावे मांडले गेले, आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा ज्यूंच्या संहाराविषयीच्या शिक्षणकार्यास देण्याचे जाहीर करण्यात आले. १९४८ मध्ये जेनस यांनी धर्मादायाचा आधार घेतला होता. सत्तर वर्षांनंतरच्या विक्रेत्यालाही तो घ्यावासा वाटला. हे नाव विकून मिळालेला पैसा निखळ आपला म्हणण्याचा संकोच दोन्ही ठिकाणी दिसतो. संकोच खरा की सोयीचा, हे ठरविण्याचे साधन आपल्यापाशी नाही. दहावा हिस्सा वगळता उरलेले नऊ हिस्से कोठे जाणार होते, हे मात्र स्पष्ट होते. बोली ७० लाख डॉलरपर्यंत चढली. ती विक्रेत्याच्या किमान अपेक्षेपर्यंत पोचली नाही आणि त्या दिवशी मोटार विकली गेली नाही.